चाळीस दिवसांच्या चपात्या

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा. पाण्याच्या टाकीवरून चेअरमनला मी भर सभेत सुनावलंय. जिन्यात चपला काढून ठेवणाऱ्यांच्या चपला उचलून मी खाली पार्किंगमध्ये नेऊन टाकल्यात. ‘कुसुमताईंना खोटं खपत नाही’ असं बायका म्हणतात. म्हणू देत बापड्या. त्यांना काय ठाऊक मे महिन्यात आमच्या घरात काय झालं ते.

आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र सर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी बिबवेवाडीत आमच्याकडे दर आठवड्याला दोन-चार मुलं येतातच. हे शिकवतात आणि फी घेत नाहीत. घेतली असती तर फार बरं झालं असतं. पैसे घेणाऱ्या मास्तरला लोक दोन प्रश्न तरी विचारतात. फुकट शिकवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, नुसता वाकून नमस्कार करतात आणि तो म्हणेल ते खरं मानतात.

अपेक्षा त्यातलीच. आमचा मुलगा आनंद खराडीत ज्या कंपनीत आहे, तिथल्या गेटवर तिचे वडील, उत्तरेश्वर, सिक्युरिटीला आहेत. माणूस मूळचा बीडकडचा, पंधरा वर्षांपूर्वी बिऱ्हाड घेऊन वाघोलीत आला. आई दुर्गाबाई घरीच मेस चालवते, आसपासच्या कॉलेजांतली चाळीस-पंचेचाळीस मुलं तिच्याकडे जेवायला असतात. एक दिवस उत्तरेश्वरने आनंदला गाडी पार्क करताना गाठलं आणि विचारलं, “साहेब, पोरीला अर्थशास्त्रच करायचं म्हणते. आपले वडील तेच शिकवायचे म्हणतात. एकदा बोलतील का?” आनंदने आमचा पत्ता दिला. पुढच्या रविवारी ही पोरगी दोन बस बदलून दारात हजर. बारीक, सावळी, केसांची घट्ट वेणी, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही. मी पाणी दिलं तर भांडं स्वतःच विसळून ठेवलं. मला आवडली, खोटं कशाला बोलू.

तिला जायचं होतं त्या संस्थेचं नाव घेत नाही, उगाच कोणाला त्रास नको. पुण्यात अर्थशास्त्राच्या पदवीसाठी जिचं नाव निघतं तिथे. जागा शंभराच्या आत-बाहेर आणि अर्ज देशभरातून. आधी लेखी परीक्षा, मग एक निवेदन लिहून द्यायचं: हा विषय का घ्यावासा वाटतो, तुम्ही स्वतः काय पाहिलं, काय विचार केला. नंतर मुलाखत. लेखी परीक्षेत अपेक्षाला चांगले मार्क मिळाले होते. राहिलं होतं ते निवेदन. आणि घरी ठरलं होतं असं, की इथे नंबर लागला तर तीन वर्षं शिकायचं, नाही लागला तर बी.कॉम. बाहेरून करायचं आणि आईच्या हाताखाली मेस सांभाळायची. दुर्गाबाईचे गुडघे गेलेत. एकटीला होत नाही. त्यात बापाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याने एक संधी दिली होती, पण खरी दिली होती.

आणि त्याच संस्थेत आमच्या नातवालाही जायचं होतं. अवधूत. बारावीनंतर त्याचा एक वर्षाचा ड्रॉप घेऊन झाला होता. गेल्या वर्षी लेखीतच गेला, यंदा कसाबसा पार झाला. त्याचं निवेदन ह्यांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “‘मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे.’ अरे, लहानपणी तुला फक्त मॅगीची आवड होती. मी होतो ना तिथे.” अवधूत हसला. त्याला सगळ्याचं हसू येतं. आईने, म्हणजे आमच्या सुनेने, अस्मिताने, त्याला कधी कशाचं वाईट वाटू दिलेलं नाही. आणि मी तरी कुठे दिलंय?

आता वहीचं सांगते.

दुर्गाबाईच्या मेसमध्ये आधी ताटाला पाच चपात्या ठरलेल्या होत्या. मुलं पाचही घ्यायची आणि एक-दीड ताटात टाकून उठायची. अपेक्षाने आईला म्हटलं, आपण अनलिमिटेड करून बघू. आई म्हणाली, वेडी की काय तू, आपल्याला खाऊन बुडवतील. पण ही ऐकेना. वीस दिवस पाचाच्या नियमाचे आणि वीस दिवस बिननियमाचे, असे चाळीस दिवस या पोरीने रोज दोन्ही वेळेला प्रत्येक ताटातल्या चपात्या मोजल्या. किती घेतल्या, किती खाल्ल्या, किती टाकल्या. रविवारचं वेगळं, परीक्षेच्या दिवसांचं वेगळं. आणि निघालं काय, तर नियम काढल्यावर मुलं साडेतीनच घ्यायला लागली आणि टाकणं जवळपास बंद झालं. चाळिसाव्या दिवशी आईला आकडे दाखवले तर ती परातीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, “मोजून दिलं की माणूस हक्कानं घेतो. न मोजता दिलं की भुकेपुरतं घेतो.” तेही हिने वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसकट, आईच्या नावासकट.

हे सगळं तिने तिच्या शाळकरी इंग्रजीत निवेदन म्हणून लिहिलं आणि वहीबरोबर ह्यांच्याकडे दिलं. एप्रिलचा शेवटचा रविवार होता. हे वाचत होते आणि मी पलीकडे शेंगा निवडत होते. मधेच हे उठून उभेच राहिले. “कुसुम, चाळीस वर्षांत असं एक पोरगं माझ्या वर्गात आलं नाही गं.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते पाणी खरं होतं, हे मी आजही सांगेन.

आता आमच्या घरातली एक खोड सांगायला हवी. चांगलं काही वाचलं की ह्यांना ते एकट्याला पचत नाही. आमचं लग्न झाल्यापासून ही पद्धत आहे. विद्यार्थ्याचा एखादा पेपर उत्तम निघाला की त्या दिवशी जेवताना तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. आमटी गार होते, पण मध्ये बोलायचं नाही. आनंद लहानपणी वैतागायचा. त्या रविवारी रात्री आनंद, अस्मिता, अवधूत सगळे जेवायला होते. ह्यांनी अपेक्षाचं लिखाण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मराठीत समजावून सांगितलं, दुर्गाबाईचं ते वाक्य तर दोनदा म्हटलं. अवधूतला म्हणाले, “बघ. याला म्हणतात निरीक्षण. तुझ्यासारखं नेटवरचं उष्टं नाही.” अवधूत ताटात बघत होता. मला वाटलं पोराला लागलं. मी त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

पुढल्या रविवारी तो एकटाच आला आणि मला म्हणाला, “आजी, तू पोळ्या करतेस ना, तसा एक फोटो काढू दे. अ‍ॅडमिशनला लागतो. फॅमिली वगैरे दाखवायची असते.” मी म्हटलं, बरं. चांगली इरकल साडी नेसून आले. त्याच्या सांगण्यावरून पोळ्यांची चळत डब्याबाहेर काढून ओट्यावर रचली. “आजी, अजून कर ना, कमी दिसतायत.” दोन माणसांच्या घरात मी पस्तीस पोळ्या केल्या त्या दिवशी. उरलेल्या शेजारी वाटल्या. नातवाचं काम म्हणून किती ऊत आला होता मला!

इकडे हे अपेक्षाचं लिखाण तपासत होते. तपासायची यांची रीत म्हणजे तीनदा वाचायचं, दर वेळी मध्ये दोन दिवस सोडायचे, लाल शाईने समासात लिहायचं. अकरा दिवस तिचं लिखाण आमच्या टेबलावर होतं. तिने दोनदा फोन केला, “सर, पोर्टल सुरू झालंय. टाकू का तसंच?” हे म्हणाले, घाई करू नये. तिच्याकडे दुसरी प्रत होती. ती केव्हाही पाठवू शकली असती. पण सरांनी हो म्हटल्याशिवाय पाठवायचं नाही, हे त्या घरात पक्कं होतं. उत्तरेश्वर आनंदला म्हणाला होता म्हणे, “सरांची लाल शाई लागली म्हणजे माझी पोरगी पास झाली.” शेवटच्या दिवशी दुपारी ह्यांनी होकार दिला आणि संध्याकाळी तिने अर्ज पाठवला.

अवधूतचा त्याच्या तीन दिवस आधीच गेलेला होता.

मे संपता संपता, भर दुपारी अपेक्षा न कळवता आली. चेहरा उतरलेला. मी पन्हं दिलं, तर ग्लास हातात धरून नुसती बसली. मग मोबाईल ह्यांच्यापुढे धरला. संस्थेचं पत्र होतं. तुमचं निवेदन दुसऱ्या एका अर्जदाराच्या निवेदनाशी मोठ्या प्रमाणात जुळतं. त्यांचा अर्ज आधी आलेला आहे. तीन दिवसांत खुलासा करावा. तो दुसरा अर्जदार कोण, हे काही लिहिलेलं नव्हतं.

“सर, असं कसं होईल? आमच्या मेसचं दुसऱ्या कुणाला कसं माहीत असेल?”

मी ह्यांच्याबरोबर सत्तेचाळीस वर्षं काढलीत. त्यांचे कान लाल झाले की मला कळतं. “तू बस जरा,” म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले, माझ्याकडे बघत. मी मागोमाग गेले आणि दार लावलं.

अवधूतला फोन लावला. तो म्हणाला, “हो आजोबा, मलाही मेल आलाय. मी रिप्लाय पण दिला. चिल करा.” ह्यांनी त्याचं निवेदन पाठवायला लावलं. वाचता वाचता हे पलंगावर बसले. मला म्हणाले, “कुसुम, यात तू मेस चालवतेस.”

“मी काय चालवते?”

“मेस. गरीब विद्यार्थ्यांसाठी. गेली दहा वर्षं. आणि हा नातू रोज तुझ्या पोळ्या मोजतो. आणि तू एकदा त्याला म्हणालीस की मोजून दिलं की माणूस हक्कानं घेतो.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “खाली तुझा फोटो आहे.”

मी, जिने आयुष्यात चार पाहुणे जास्त आले तर कपाळाला आठ्या घातल्या, ती मी गरीब विद्यार्थ्यांची अन्नपूर्णा! त्या बाईचे गुडघे गेले, तिच्या तोंडचे शब्द काढून ह्या कार्ट्याने माझ्या तोंडी घातले होते. माझी इरकल साडी दिसत होती फोटोत, पोळ्यांची चळतसुद्धा, आणि मी हसत होते.

ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला. “अवधूत, ही चोरी आहे.”

“आजोबा, आयडियावर कोणाचा हक्क नसतो. तुम्हीच तर वाचून दाखवलंत. तुम्हीच म्हणालात, असं लिही.”

मग अस्मिताने फोन घेतला. ती रडत होती. “बाबा, खोटी माहिती दिली असं ठरलं तर अर्ज रद्द होतो आणि तीन वर्षं कुठेच बसता येत नाही. तसं डिक्लेरेशन आहे त्यात. त्याचं एक वर्ष आधीच गेलंय, बाबा. त्या मुलीला काय, ती दुसरीकडे कुठेही अ‍ॅडमिशन घेईल. हुशार आहे ना ती?”

ह्यांनी फोन बंद केला. भिंतीच्या पलीकडे ती पोरगी बसलेली. पंख्याचा आवाज येत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी मला विचारलं. बँकेचं कधी विचारलं नाही, घर घेताना विचारलं नाही, आनंदचं लग्न ठरवताना नुसतं सांगितलं. त्या दिवशी विचारलं. “कुसुम, काय करू?”

लोकांना वाटेल मी म्हणाले असेन, जा बाहेर आणि खरं सांगा. माझा तसा लौकिक आहे. मी म्हणाले, “अवधूतचं तीन वर्षांचं नुकसान होईल हो.”

एवढंच म्हणाले. त्यांना एवढंच पुरलं.

हे बाहेर गेले, चष्मा पुसला आणि खुर्चीत ताठ बसले, वर्गात बसायचे तसे. अपेक्षा मला बघून उगाच उठून उभी राहिली. “बस,” हे म्हणाले. “खुलासा लिहू आपण. मी सांगतो तसं लिही.”

तिने पिशवीतून वही काढली. “सर, मी ही वही स्कॅन करून जोडू का? चाळीस दिवसांचं सगळं आहे. तारखा आहेत. मेसमधल्या मुलांच्या सह्यासुद्धा घेता येतील.”

तेवढंच करायचं होतं. ती वही पुढे ठेवली असती तर कोणीही डोळे मिटून सांगितलं असतं, खरं कोणाचं ते. पोरीला स्वतःहून सुचलं होतं.

“नाही,” हे म्हणाले. “पुरावे देत बसणं म्हणजे आपण आरोपी असल्याचं कबूल करणं. सुसंस्कृत माणूस असं करत नाही. दोन ओळी नम्रपणे लिहायच्या.” आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं, स्वच्छ, सावकाश, स्वल्पविरामासकट. त्याचा अर्थ असा होता, की माझ्या निवेदनातले मुद्दे मला मार्गदर्शकांशी झालेल्या चर्चेतून मिळाले. त्यांचे इतर विद्यार्थीही आहेत. त्यामुळे काही साम्य आढळलं असल्यास मी दिलगीर आहे.

अपेक्षाने लिहिलं. लिहून झाल्यावर पेन तसंच धरून म्हणाली, “पण सर… मोजलं तर मीच ना?”

“मोजणं म्हणजे विचार नव्हे, अपेक्षा. मोजदाद कारकूनही करतो.”

मी एकतीस वर्षं शाळेत कारकून होते. याच नोकरीवर ह्यांची पीएच.डी. झाली. ते वाक्य मी ऐकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिले. माझं सोडा. त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिने मान हलवली, जणू काही आपल्याला हे आधीच कळायला हवं होतं. “बरोबर आहे सर. मुद्दे तुम्हीच नीट लावून दिलेत.” आणि तिने ते जसंच्या तसं पाठवलं, आमच्या सोफ्यावर बसून. जाताना ह्यांच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतला असता तरी चाललं असतं. घेतला नाही.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आमच्या दिवाणखान्यात बघितलं. कोणाचा आवाज चढला नाही. पन्ह्याचा ग्लास तिने जाताना विसळून ठेवला होता.

ती गेल्यावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. “आयुष्यभर ‘स्रोत लिहा, स्रोत लिहा’ म्हणून पोरांचे कान किटवलेत. हा तुमचा स्रोत?” हे शांतपणे म्हणाले, “तू आत काय म्हणालीस ते मी ऐकलं, कुसुम.” त्यानंतर त्या विषयावर आमच्यात एक अक्षर झालेलं नाही. जेवताना वाचून दाखवणंही बंद झालं. आता हे टीव्ही लावतात.

जूनमध्ये यादी लागली. अवधूतचं नाव होतं. मुलाखतीत त्याला माझ्या मेसबद्दल विचारलं, त्याने काय काय रंगवून सांगितलं ते त्याने आनंद नसताना आम्हाला हसत हसत करून दाखवलं. अस्मिताने पेढे आणले. मी एक पेढा देवापुढे ठेवला आणि मग मला त्या देवघरापुढे उभंच राहवेना. आनंदला यातलं काही माहीत नाही. तो म्हणाला, “आई, रडतेस काय? आनंदाची गोष्ट आहे.” मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

अपेक्षाचा अर्ज रद्द झाला. लिखाण स्वतःचं नसल्याचं अर्जदाराने मान्य केलं आहे, असं कारण आलं. उत्तरेश्वरने आनंदला गाठून फक्त एवढं सांगितलं, “साहेब, सरांना म्हणावं तुमचे फार उपकार आहेत. आमच्याच पोरीचं कुठंतरी चुकलं.”

जुलैच्या दुसऱ्या रविवारी अपेक्षा आली. ह्यांची तीन पुस्तकं तिच्याकडे होती, ती परत करायला. पुस्तकांना नवीन कव्हरं घातली होती. सोबत दुर्गाबाईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि दहा-बारा धपाटे. बी.कॉम.चा फॉर्म बाहेरून भरलाय म्हणाली. सकाळची मेस ती बघते, संध्याकाळची आई.

मग ती खुर्चीच्या कडेला बसली आणि ह्यांना म्हणाली, “सर, मला सॉरी म्हणायचं होतं. माझ्यामुळे तुमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचीपण चौकशी झाली असेल. तुमचं नाव खराब झालं असेल. मी नीट लिहायला पाहिजे होतं.”

मला वाटलं, आता तरी. आता हा माणूस तोंड उघडेल. त्यांचे ओठ हलले. खालच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला होता. हे त्या कव्हर घातलेल्या पुस्तकांवरून हात फिरवत राहिले.

“असू दे,” हे म्हणाले. “होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.”

माफ केलं त्यांनी तिला! मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. मी उठले आणि म्हटलं, “चल, तुला बसस्टॉपपर्यंत सोडते.” मी कधी कोणाला सोडायला जात नाही. तिलाही नवल वाटलं. जिना उतरताना तिने माझा हात धरला, माझ्या गुडघ्यांसाठी. आईची सवय.

स्टॉपवर आम्ही दोघीच होतो. स्वारगेटची बस यायची होती. मी मनाशी वाक्य जुळवत होते. ‘अपेक्षा, तुझं काही चुकलेलं नाही.’ इथून सुरुवात करायची. मग पुढचं आपोआप येईल. संस्थेत अजून पंधरा दिवस तक्रार करता येते, ते मी अवधूतच्याच फोनवर वाचून घेतलं होतं. वही तिच्याकडे आहे. मी स्वतः जाऊन सांगितलं, की फोटोतली बाई मी आहे आणि मी कधी मेस चालवलेली नाही, तर संपलं. त्यासाठी मी तिच्याबरोबर खाली आले होते. अगदी खरं सांगते, त्याचसाठी आले होते.

तेवढ्यात तीच म्हणाली, “आजी, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“मागे एकदा सर फोनवर म्हणाले होते, की माझं लिखाण त्यांना एवढं आवडलं, की त्याच दिवशी त्यांनी जेवताना वाचून दाखवलं.” ती बस येते ती दिशा बघत होती. “मी खूप विचार केला. वही तर कुणी पाहिली नाही. मेसमधल्या मुलांना मी कशासाठी मोजते तेसुद्धा माहीत नव्हतं. तेवढी एकच जागा राहते. त्या दिवशी जेवायला अजून कोणी होतं का हो?”

काय हुशार पोरगी. चाळीस दिवस चपात्या मोजणारी. तिने सगळं मोजून, गाळून बरोबर त्या एका ताटापाशी आणून ठेवलं होतं. आणि विचारलं कोणाला, तर मला, कारण मला खोटं खपत नाही.

बस वळणावर दिसली.

“नाही गं,” मी म्हणाले. “आम्ही दोघंच होतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. मग हळूच म्हणाली, “मला वाटलंच. उगाच माझ्या मनात आलं, आजी. सॉरी.” आणि तिथे भर रस्त्यात वाकून तिने माझ्या पायांना हात लावला.

बस थांबली. ती चढली, खिडकीजवळ जागा मिळाली, तिने हात केला. मीही केला.